कावळा, फांदी आणि हिंडेनबर्ग



तत्त्वज्ञानाच्या माणसाने एका जळालेल्या एअरशिपवर तासभर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आज आम्ही अपघातापेक्षा त्या अपघातावर लिहिल्या गेलेल्या एका आरोपाबद्दल बोलणार आहोत. दोन पुस्तकं आणि एक चित्रपट यांची ही समीक्षा आहे. समीक्षा करताना प्रमाणशास्त्राची जुनी हत्यारं बाहेर काढावी लागतील, तेव्हा तेवढं सहन करा.

सुरुवात एका खटल्यापासून करू. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने १९८० साली हा खटला निकालात काढला. वादी होते ए. ए. होएलिंग नावाचे लेखक. त्यांनी १९६२ साली एक पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, ‘हिंडेनबर्ग कोणी नष्ट केलं?’ पुढे १९७२ साली मायकेल मूनी यांचं ‘द हिंडेनबर्ग’ हे पुस्तक आलं आणि त्यावरून १९७५ साली युनिव्हर्सलने त्याच नावाचा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते रॉबर्ट वाइज, म्हणजे ‘द साउंड ऑफ म्युझिक’वाले. होएलिंग यांची तक्रार अशी की घातपात कोणी केला, कसा केला, का केला, ही सगळी मांडणी माझी आहे आणि या लोकांनी ती उचलली.

न्यायालयाने तक्रार फेटाळली. का फेटाळली, ते शेवटाकडे सांगतो, कारण आमच्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं तत्त्वज्ञान त्या निकालात आहे. आधी घटना काय होती, ते पाहू.

हिंडेनबर्ग ही जर्मन एअरशिप. लांबी सुमारे २४५ मीटर. आपल्याकडच्या रेल्वेचे दहा डबे एकापुढे एक लावले तर साधारण एवढी लांबी होते. आत हलक्या धातूचा सांगाडा, वर कापडाचं आवरण आणि पोटात वायूच्या १६ प्रचंड पिशव्या. वायू कोणता, तर हायड्रोजन. खरं म्हणजे हे यान हेलियमसाठी आखलेलं होतं. पण हेलियमचा साठा अमेरिकेकडे आणि अमेरिकेच्या कायद्याने त्याची निर्यात बंद. हेलियम जळत नाही, हायड्रोजन पेट घेतो. हा फरक लक्षात ठेवा.

३ मे १९३७ च्या संध्याकाळी ती फ्रँकफुर्टहून निघाली. समोरच्या वाऱ्यामुळे आणि नंतर वादळी पावसामुळे तिला बारा तासांहून अधिक उशीर झाला. ६ मेच्या संध्याकाळी न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट इथल्या नौदलाच्या तळावर ती उतरायला आली. वारा दिशा बदलत होता, म्हणून कॅप्टन माक्स प्रुस यांनी दोन तीव्र वळणं घेतली. शेपटीकडची बाजू जड वाटत होती. ती वर उचलली जावी म्हणून पाण्याचं वजन तीनदा खाली सोडलं, सहा माणसांना नाकाकडे पाठवलं. ७ वाजून २१ मिनिटांनी जमिनीवरच्या माणसांसाठी दोर खाली टाकले. पाऊस भुरभुरत होता. ७ वाजून २५ मिनिटांनी शेपटीजवळ आग दिसली आणि साधारण अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. यानावर ९७ माणसं होती. त्यांतली ३५ गेली आणि जमिनीवरचा एक कामगार गेला. म्हणजे एकूण ३६. उरलेली ६२ माणसं वाचली. छायाचित्र पाहिलेल्या माणसाचा या आकड्यावर विश्वास बसत नाही, पण तो खरा आहे.

आता घातपाताकडे वळू. घातपाताची शंका घेणं मूर्खपणाचं होतं का? मुळीच नाही. शेपटीवर स्वस्तिक रंगवलेलं ते यान होतं, नाझी राजवटीचं उडतं जाहिरातफलकच म्हणा. त्याला शत्रू होते. प्रवासाच्या आधी मिलवॉकीहून एका बाईंनी जर्मन वकिलातीला पत्र पाठवून या यानावर बॉम्ब असेल असा इशारा दिला होता. अपघातानंतर एका प्रवाशावर संशय गेला. हा गृहस्थ रंगमंचावर कसरती करायचा. आपल्या मुलांसाठी त्याने एक अल्सेशियन कुत्रा आणला होता आणि त्याला खायला घालायला तो शेपटीकडच्या भागात जायचा. कसरतपटू म्हणजे सांगाड्यावर चढू शकणारा, आणि शेपटीकडे एकटा जाणारा! संशयाला एवढं पुरेसं होतं. एफबीआयने त्याची कसून चौकशी केली. काही निघालं नाही. कुत्रा आगीत मेला, माणूस वाचला आणि पुढे कायम ‘तो संशयित’ म्हणून ओळखला गेला.

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या चौकशी मंडळाने १९३७ च्या उन्हाळ्यात अहवाल दिला. हायड्रोजनची गळती झाली, हवेशी मिसळून स्फोटक मिश्रण तयार झालं आणि वादळी हवेतल्या विद्युतभाराच्या विसर्जनाने ते पेटलं असावं, असा त्यांचा निष्कर्ष. घातपाताचा पुरावा मिळाला नाही. जर्मन समितीने घातपाताची शक्यता पूर्ण नाकारली नाही. पण तो नसेल तर अनेक प्रतिकूल गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या असंच म्हणावं लागेल, असं तिने नोंदवलं.

‘अनेक गोष्टी जुळून आल्या’ हे वाक्य माणसाच्या मनाला कधी पुरत नाही. आपल्या भाषेत म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. व्यवहारात आपण ही म्हण सहज वापरतो. पण ३६ माणसं मेली आणि एक संपूर्ण वाहतूकपद्धती संपली, तिथे ‘कावळा बसला’ असं ऐकायला मन तयार होत नाही. एवढ्या मोठ्या परिणामाला तेवढंच मोठं कारण हवं असतं. आणि मोठं कारण म्हणजे बहुधा कुणीतरी माणूस, ज्याच्या मनात काही हेतू होता.

घातपातावर कोणाचा विश्वास होता, हेही पाहण्यासारखं आहे. कॅप्टन प्रुस भाजूनही वाचले आणि ते शेवटपर्यंत घातपातच म्हणत राहिले. लेकहर्स्ट तळाचे प्रमुख चार्ल्स रोझेन्डाल यांचाही कल तिकडेच. दोघांनी एअरशिपला आयुष्य वाहिलं होतं. घातपात असेल तर यान निर्दोष, यान चालवणारेही निर्दोष. उलट झेपेलिन कंपनीचे भीष्माचार्य ह्यूगो एकेनर यांनी पहिल्या प्रतिक्रियेत घातपाताची शक्यता बोलून दाखवली होती, पण चौकशीनंतर ते अपघातावर आले. तीव्र वळणात आतली एखादी ताणाची तार तुटली, तिने वायूची पिशवी फाडली आणि त्यातून गळती झाली, असं त्यांचं म्हणणं.

इथे अनेक लेखक एक सोपी उडी मारतात. ते म्हणतात, प्रुस यांना स्वतःला वाचवायचं होतं, म्हणून त्यांचं म्हणणं खोटं. एकेनर निःस्वार्थी, म्हणून खरं. आम्हाला ही उडी मान्य नाही. एकेनर यांनाही हेतू होताच की! हायड्रोजन दोषी ठरला तर अमेरिकेकडे हेलियम मागता येतं, आणि त्यांनी ते मागितलंही. अमेरिकेने १९३७ साली कायदा सैल केला, पण १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इकिस यांनी ते हेलियम अडवून धरलं. सांगायचा मुद्दा, हेतू दोन्हीकडे सापडतात. बोलणाऱ्याचा हेतू सापडला म्हणून त्याचं विधान खोटं ठरत नाही, आणि हेतू सापडला नाही म्हणून खरंही ठरत नाही. निर्णय पुराव्यावरच करावा लागतो.

आता होएलिंग यांच्या पुस्तकाकडे येऊ. आमचा पहिला आक्षेप शीर्षकालाच आहे. ‘कोणी नष्ट केलं?’ या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग गृहीत धरलेला आहे. ‘कशाने नष्ट झालं?’ असं विचारलं तर तार, गळती, वीज, माणूस, काहीही उत्तर येऊ शकतं. ‘कोणी?’ असं विचारलं की फक्त माणूसच येऊ शकतो. वकिलांच्या भाषेत हा सूचक प्रश्न झाला. आपल्या तर्कशास्त्रात याला साध्यसम म्हणतील, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चालायचं.

मग तो माणूस कोण? पुस्तक नाव घेतं: एरिक श्पेल. यानावरचा रिगर, म्हणजे तारा, दोर आणि वायूच्या पिशव्या यांची देखभाल करणारा कामगार. वय पंचविशीच्या आसपास. या अपघातात भाजून तो मेला. त्याचं नाव आम्ही घेतोय, कारण त्याच्या बाजूने बोलायचं तर ते घ्यावंच लागेल.

आरोपाचा आधार काय, याची यादी त्या १९८० च्या निकालपत्रातच आलेली आहे. एक, त्याचं एकूण आयुष्य. दोन, त्याच्या मैत्रिणीचे नाझीविरोधी लोकांशी संबंध. तीन, आगीची सुरुवात चार क्रमांकाच्या पिशवीपाशी झाली. चार, त्याच्या कामाची जागा. पाच, अवशेषांत सापडलेली एक कोरडी बॅटरी. सहा, १९३८ साली गेस्टापोने केलेल्या चौकशीपासून चालत आलेल्या अफवा.

ऐकायला सहा गोष्टी भरपूर वाटतात. एकेक हातात घेऊन बघू.

कामाची जागा. पिशव्यांची देखभाल करणारा माणूस पिशव्यांजवळ जाणारच. आणि रिगर तो एकटाच नव्हता. न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. धूर आणि अग्नी यांच्यासारखं पक्कं साहचर्य इथे नाही. हाच हेतू निर्दोष माणसाच्या ठायीही तितकाच सापडतो. स्वयंपाकघरात आग लागली म्हणून आचाऱ्याने लावली असं होत नाही.

बॅटरी. ९७ माणसांच्या यानाच्या अवशेषांत एक बॅटरी सापडणं यात विशेष काय? ती घड्याळाला आणि स्फोटकाला जोडलेली होती हे दाखवता आलं असतं, तर गोष्ट वेगळी.

मैत्रीण. तिचे संबंध नाझीविरोधी होते असं धरलं, तरी त्यातून तिच्या मित्राने यान उडवलं इथपर्यंत पोचायला मध्ये कितीतरी पायऱ्या लागतात. त्या पायऱ्या पुस्तकात नाहीत; त्यांच्या जागी कल्पना आहे. आणि गेस्टापोच्या अफवांबद्दल काय बोलावं! ज्या यंत्रणेचा धंदाच विरोधकांच्या मित्रमैत्रिणींवर संशय घेणं हा होता, तिला अशा माणसाचा संशय आला नसता तरच नवल. गेस्टापोला संशय आला यावरून गेस्टापोबद्दल काहीतरी कळतं, श्पेलबद्दल काही कळत नाही.

राहिली चार क्रमांकाची पिशवी. हा मुद्दा सर्वांत भक्कम आहे, कारण शेपटीच्या खालच्या भागात असलेल्या आणि वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी तिथे उजेड पाहिल्याची साक्ष दिली. पण लक्षात घ्या, ही जागा अपघाताच्या सिद्धान्तालाही तितकीच मानवते. शेपटी जड झाली होती, म्हणजे शेपटीकडचा वायू कमी झाला असावा. मैदानावरच्या एका साक्षीदाराला आगीच्या आधी वरच्या पंखाजवळचं कापड फडफडताना दिसलं होतं. म्हणजे दोन्ही पक्ष त्याच जागी बोट ठेवतात. जो पुरावा दोन्ही बाजूंना चालतो, तो कोणत्याच बाजूचा पुरावा नसतो.

एक एक धागा कच्चा असला तरी सहा मिळून दोर होत नाही का, असा प्रश्न कुणाच्या मनात येईल. रास्त प्रश्न आहे. धागे वेगवेगळ्या ठिकाणाहून आले असतील तर दोर होतो. इथे तसं नाही. आधी माणूस निवडला आणि मग त्याच्याभोवती जे जे दिसलं ते गोळा केलं. या पद्धतीने यानावरच्या कुठल्याही माणसाभोवती सहा गोष्टी गोळा करता येतील. त्या कसरतपटूभोवती झाल्याच होत्या: चढण्याची कला, कुत्रा, शेपटीकडच्या फेऱ्या. यादीची लांबी बघून फसू नये. यादी कशी तयार झाली ते विचारावं.

आता घातपातवाल्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे. ते म्हणतात, ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘घातपात नाही’ असं कसं? स्फोटक लहान असेल तर त्या आगीत ते उरेल कसं? हा आक्षेप बरोबर आहे आणि आपल्या मीमांसकांना तो कळला असता. ते अनुपलब्धी हे एक प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण त्याला अट आहे: घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. भर उजेडात दिसला नाही तर नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. हिंडेनबर्गच्या अवशेषांत बॉम्ब सापडला नाही, यावरून बॉम्ब नव्हताच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे आम्हाला मान्य आहे.

पण याची दुसरी बाजू घातपातवाले विसरतात. अंधारात घट दिसला नाही, म्हणून ‘घट आहे’ असंही म्हणता येत नाही! त्यांचा आणखी एक युक्तिवाद असतो तो अर्थापत्तीचा. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी गुटगुटीत आहे. तेव्हा रात्री जेवत असणार. झेपेलिनं वर्षानुवर्षं हायड्रोजनवर उडाली, ‘ग्राफ झेपेलिन’ने सोळा लाख किलोमीटर उड्डाण केलं आणि एकाही प्रवाशाला इजा झाली नाही, मग त्याच दिवशी आग का लागली? तेव्हा बॉम्बच असणार. अर्थापत्ती चालते कधी, तर दुसरं कुठलंच स्पष्टीकरण उरलेलं नसेल तेव्हा. इथे उरलेलं आहे. गळती, वादळी हवा आणि ओले दोर.

त्या दोरांकडे जरा लक्ष द्या. दोर जमिनीला लागले ७:२१ ला, आग दिसली ७:२५ ला. वादळी हवेतून आलेल्या यानावर विद्युतभार साचलेला असतो. दोर ओले झाले की ते वीज वाहून नेतात आणि धातूच्या सांगाड्याचा भार जमिनीत उतरतो. पण बाहेरचं कापड नीट वाहक नसतं, त्यावरचा भार तसाच राहतो. मग कापड आणि सांगाडा यांच्यामध्ये ठिणगी पडू शकते. बाहेर आलेला हायड्रोजन तिथे असला की झालं. या स्पष्टीकरणात ती चार मिनिटं आपोआप बसतात.

बॉम्बच्या स्पष्टीकरणात तीन दिवसांहून लांब प्रवासातला नेमका हा क्षण योगायोग ठरतो. बॉम्बवाले कावळा-फांदीची म्हण टाळायला निघाले होते. पण शेवटी दोर जमिनीला लागायला आणि घड्याळ वाजायला एकच गाठ, असं त्यांनाच म्हणावं लागतं. योगायोग टाळण्यासाठी आणलेल्या माणसाने आणखी मोठा योगायोग बरोबर आणला.

आता मूनी यांचं पुस्तक आणि वाइज यांचा चित्रपट. चित्रपट आम्ही दोनदा पाहिला. कारागिरी उत्तम आहे. दृश्य आणि ध्वनिपरिणामांसाठी त्याला खास ऑस्कर मिळालं. जॉर्ज सी. स्कॉट एक जर्मन कर्नल झाला आहे, त्याच्यावर सुरक्षेची जबाबदारी. प्रवाशांवर एकेक करून संशय जातो, शेवटी एक तरुण रिगर निघतो. बॉम्बची वेळ अशी लावलेली की यान उतरून माणसं बाहेर पडलेली असतील. पण उशीर झाल्यामुळे सगळं फिसकटतं. रहस्यपट म्हणून हे चालतं.

खटकतं ते शेवटी. आग लागते आणि चित्रपटात खरं न्यूजरील मिसळायला लागतं. हे न्यूजरील जगाने पाहिलेलं आहे. पण आग लागतानाचा पहिला क्षण एकाही न्यूजरील कॅमेऱ्याने टिपलेला नाही! सगळी चित्रणं आग लागल्यानंतरची आहेत. म्हणजे ज्या क्षणाबद्दल सारा वाद, तोच क्षण नोंदलेला नाही. चित्रपट त्या रिकाम्या जागेत कल्पित बॉम्ब ठेवतो आणि लगेच पुढे खरी आग जोडतो. प्रेक्षक थिएटरबाहेर पडतो तो ‘आपण पाहिलं’ असं समजून. खोटं कारण आणि खरा परिणाम यांची ही शिवण इतकी सफाईदार आहे की ती दिसत नाही, आणि आमची तक्रार नेमकी हीच.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आरोपी नाझीविरोधी दाखवला की तो खलनायक राहत नाही, जवळजवळ हुतात्मा होतो. वाचकाला वाटतं, यात त्या पोराची बदनामी कुठे, गौरवच आहे. इथे आमचं डोकं फिरतं. गौरवाच्या वेष्टनात गुंडाळलेला आरोप हा आरोपच असतो. ३६ मृत्यूंची जबाबदारी तुम्ही एका कामगारावर टाकता, तो उत्तर द्यायला जिवंत नाही, आणि वर म्हणता, बघा, किती थोर माणूस होता! न केलेल्या कृत्याचा सन्मान ही त्या माणसावर लादलेली दुसरी ओळख आहे. त्याची स्वतःची ओळख एवढीच, की काम करता करता तो मेला.

गंमत म्हणजे चित्रपटाने नाव बदललं. तिथे तो श्पेल नाही, बोअर्ट आहे. करमणुकीसाठी काढलेल्या चित्रपटाने जो संकोच पाळला, तो इतिहास म्हणून लिहिलेल्या पुस्तकाने पाळला नाही.

आणि आता तो निकाल. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: होएलिंग महाशय, तुम्ही पुस्तक इतिहास म्हणून छापलंत. श्पेलने यान नष्ट केलं ही तुमची मांडणी ऐतिहासिक घटनांचा लावलेला अर्थ आहे. घटनेवर आणि घटनेच्या अर्थावर लेखनाधिकार नसतो. तुमच्या शब्दांवर असतो. तुमची मांडणी कोणीही वापरू शकतो. चित्रपटातल्या बिअरगृहातल्या प्रसंगाबद्दल आणि ‘हाइल हिटलर’ म्हणण्याबद्दलही तक्रार होती. त्या काळच्या जर्मनीची कथा सांगायची तर हे येणारच, असं सांगून न्यायालयाने तीही बाजूला ठेवली.

न्यायालयाने मांडणी खरी की खोटी हे ठरवलं नाही. तो त्याचा विषयच नव्हता. पण त्याने लेखकाला एका दुहेरी पेचात पकडलं. ‘हे खरं आहे’ असं म्हणाल तर ते तुमचं नाही, सगळ्यांचं आहे. ‘हे माझं आहे’ असं म्हणाल तर ते तुमच्या कल्पनेतलं आहे, आणि मग एका खऱ्या माणसाच्या नावाने ते छापण्याचा अधिकार तुम्हाला कुठून आला? सत्याचा दावा आणि मालकीचा दावा एकाच तोंडाने करता येत नाही. आम्ही ज्ञानमीमांसा शिकवत होतो तेव्हा हा निकाल वर्गात वाचून दाखवायला हवा होता, असं आता वाटतं. इतका तो नेमका आहे.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी परक्या देशातली गोष्ट. पण एअरशिपचा आणि आपला संबंध आहे. ‘आर १०१’ ही ब्रिटिश एअरशिप ऑक्टोबर १९३० मध्ये निघाली होती कराचीला, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ती कोसळली, ५४ पैकी ४८ माणसं गेली. चौकशीचे प्रमुख कोण होते माहीत आहे? सर जॉन सायमन. होय, ‘सायमन परत जा’वाले सायमन! तिथे कोणी कुणा कामगाराला शोधलं नाही. वायूच्या पिशव्या गळत होत्या, चाचण्या अपुऱ्या होत्या आणि मंत्रिमहोदयांना भारतात वेळेवर पोचायचं होतं. घाई, अपुरी तयारी आणि वादळ. त्यात कोणी खलनायक नाही, म्हणून त्यावर रहस्यपट नाही. पण पुढच्या प्रवाशांच्या कामाचं ज्ञान तशाच चौकशीतून मिळतं.

होमी भाभांचं विमान जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवर आदळलं. आपल्याकडे आजही चारचौघांत विचारा, घातपात म्हणणारे अनेक भेटतील. अधिकृत चौकशीने वैमानिकाला आपल्या स्थानाबद्दल झालेल्या गैरसमजाकडे बोट दाखवलं. एवढा मोठा माणूस एका गैरसमजाने गेला, हे आपल्याला सोसत नाही. उलट १९८५ चं ‘कनिष्क’ घ्या. ३२९ माणसं गेली आणि तो घातपातच होता. पण तो कसा सिद्ध झाला? अटलांटिकच्या तळातून काढलेले अवशेष, ध्वनिमुद्रण, सामान कोणी कुठे चढवलं याची नोंद, त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर झालेला स्फोट. न्यायमूर्ती किरपाल यांच्या चौकशीने आधी ‘काय झालं’ ते ठरवलं. ‘कोणी’ हा प्रश्न त्यानंतरचा. घातपाताचा सिद्धान्त स्वभावतः वेडगळ नसतो. प्रश्नांचा क्रम उलटा केला की तो वेडगळ होतो.

तर मग आमचं मत काय? सरळ सांगतो. हिंडेनबर्गचा अपघातच झाला, हे मत उपलब्ध पुराव्यावर कितीतरी अधिक टिकतं. घातपाताची शक्यता तर्काने शून्य झालेली नाही. पण ‘शक्यता शून्य नाही’ आणि ‘अमुक माणसाने केलं’ या दोन विधानांमध्ये जे अंतर आहे, ते होएलिंग आणि मूनी यांनी कल्पनेने भरून काढलं आहे. पहिलं विधान करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसरं करण्यासाठी पुरावा द्यावा लागतो, आणि आरोपी मेलेला असेल तर जास्तच द्यावा लागतो, कारण उलटतपासणी करायला तो येणार नाही.

म्हणून ही पुस्तकं वाचू नका असं आम्ही म्हणत नाही. जरूर वाचा, चित्रपटही बघा. मात्र ‘कोणी’ हा शब्द आला की तिथे थांबा, आणि त्याआधी ‘काय’ आणि ‘कशाने’ यांची उत्तरं झाली आहेत का ते तपासा. उद्या सकाळी कुठे गाडी रुळावरून घसरल्याची बातमी येईल, आणि तासाभरात आपल्या फोनवर एखादं नाव फिरायला लागेल. त्या वेळी ते नाव पुढे पाठवायचं की नाही, हे आपल्यालाच ठरवावं लागणार आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ.